हक्कदारीचा सिद्धान्त

हक्कदारीचा सिद्धान्त हा अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक (१९३८–२००२) यांनी मांडलेला मालमत्ताविषयक न्यायाचा सिद्धान्त होय. त्यांच्या ‘अनार्की, स्टेट अँड युटोपिया’ (१९७४) या ग्रंथात तो आला आहे. समाजात कोणाकडे किती संपत्ती आहे यावरून नव्हे, तर ती त्याच्याकडे कोणत्या मार्गाने आली यावरून वाटपाची न्याय्यता ठरते, असे हा सिद्धान्त सांगतो. लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तीचे स्वामित्व व स्वातंत्र्य सर्वोच्च मानणाऱ्या विचारसरणीची ही सर्वाधिक चर्चिली गेलेली मांडणी आहे.

पार्श्वभूमी

हार्वर्ड विद्यापीठातील नोझिक यांचे सहकारी जॉन रॉल्स यांचा ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक विषमता सर्वांत दुर्बल गटाच्या हिताची ठरत असेल तरच ती समर्थनीय, असे रॉल्स यांचे म्हणणे होते. नोझिक यांचा आक्षेप मूळ गृहीतावरच होता. संपत्ती आभाळातून पडत नाही. ती निर्माण होतानाच तिच्यावर कोणाचा तरी हक्क जडलेला असतो. मग ती ‘वाटण्याचा’ अधिकार इतरांना कोठून मिळतो?

तत्त्वे आणि चेंबरलेनचे उदाहरण

सिद्धान्ताची तत्त्वे तीन आहेत : कोणाचीही नसलेली वस्तू न्याय्य रीतीने प्रथम संपादन करणे, ती स्वेच्छेने हस्तांतरित करणे आणि या दोहोंत अन्याय झाला असल्यास त्याचे परिमार्जन करणे.

हस्तांतरणाचे तत्त्व स्पष्ट करण्यासाठी नोझिक यांनी बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन याचे उदाहरण घेतले. वाचकाला जे वाटप आदर्श वाटते, ते अस्तित्वात आहे असे समजावे. चेंबरलेनचा खेळ पाहण्यासाठी प्रत्येक प्रेक्षक तिकिटामागे २५ सेंट खास त्याच्यासाठी देतो. हंगामात दहा लाख प्रेक्षक आले, तर त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमा होतात. आदर्श वाटप मोडले, पण कोणावरही जबरदस्ती झाली नाही. ते वाटप टिकवायचे तर लोकांच्या खुशीच्या व्यवहारांत सतत हस्तक्षेप करावा लागेल. याच तर्काने श्रमाच्या कमाईवरील कर हा सक्तीच्या मजुरीच्या पंक्तीत बसतो, आणि संरक्षण व करारपालन यांपुरते मर्यादित राज्यच समर्थनीय ठरते, असा निष्कर्ष नोझिक काढतात. जी. ए. कोहेन यांच्या मते हे उदाहरण दिसते तितके निरुपद्रवी नाही : एका हाती साठलेल्या धनाचे सामर्थ्य, व्यवहारात सहभागीच नसलेल्यांना, पुढील पिढ्यांनाही, भोगावे लागते.

प्रथम संपादनाचा प्रश्न

हस्तांतरणाची साखळी कितीही शुद्ध असली तरी तिची पहिली कडी सदोष असल्यास पुढचा हक्क लटका पडतो. जॉन लॉक यांच्या मते वस्तूत श्रम मिसळल्याने ती आपली होते. नोझिक यांना हे पुरेसे वाटत नाही. डबाभर टोमॅटोचा रस समुद्रात ओतणारा समुद्राचा मालक का होत नाही, असे ते विचारतात. त्याऐवजी, संपादनामुळे इतरांची स्थिती बिघडता कामा नये, ही लॉक यांची अट ते सौम्य रूपात स्वीकारतात. वाळवंटातील इतर सर्व पाणवठे आटल्यास उरलेल्या एकाचा मालक मनमानी दर आकारू शकत नाही. कोहेन येथेही विचारतात : तुलना केवळ मालकी नसलेल्या जगाशीच का? सामायिक मालकीशी का नाही? डाव्या लिबर्टेरियनांपैकी हिलेल स्टायनर नैसर्गिक संसाधनांवर सर्वांचा समान वाटा मानतात.

परिमार्जन

सिद्धान्ताचा सर्वांत कमी विकसित भाग हाच. अमेरिकेतील बरीच जमीन मूलनिवासींकडून बळाने घेतली गेली आणि दक्षिणेतील मोठी संपत्ती गुलामांच्या श्रमांवर उभी राहिली. अशा देशात सध्याची मालमत्ता या सिद्धान्ताच्याच कसोटीवर कितपत टिकेल? भूतकाळातील अन्याय फार मोठे असतील तर काही काळ अधिक व्यापक राज्य आवश्यक ठरू शकेल, हे नोझिक मान्य करतात. सर्वांत दुर्बल गटाची स्थिती शक्य तितकी उंचावणे, असा एक ढोबळ नियमही ते साशंकपणे सुचवतात. रॉल्स यांचे तत्त्व असे मागल्या दाराने परत येते, ही बाब या सिद्धान्ताचा केवळ करविरोधासाठी आधार घेणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

‘द एक्झामिन्ड लाइफ’ (१९८९) मध्ये नोझिक यांनी आपली पूर्वीची भूमिका गंभीररीत्या अपुरी असल्याचे म्हटले आणि वारशाने आलेली संपत्ती पुन्हा वारशाने देण्यावर मर्यादा सुचवली. पुढे २००१ मधील एका मुलाखतीत मात्र, आपण लिबर्टेरियन विचार सोडल्याची चर्चा अतिरंजित असल्याचे त्यांनी सांगितले.