पेशींचा शेजारधर्म

सर्दी, गोवर, कांजिण्या यांसारखे रोग विषाणूंमुळे होतात. विषाणू इतका सूक्ष्म असतो की, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. आपली संख्या वाढविण्याची साधने त्याच्याजवळ नसतात. म्हणून तो शरीरातील एखाद्या पेशीत शिरतो, तेथील सामग्री आपल्या कामास जुंपतो आणि आपल्यासारखेच असंख्य विषाणू निर्माण करून घेतो. पुढे हे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशींवर चाल करून जातात.

अशा संकटात शरीर प्रतिपिंडे तयार करून शत्रूचा बंदोबस्त करिते, हे आपण जाणतोच. परंतु नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास कित्येक दिवस लागतात. विषाणूंची वाढ मात्र काही तासांतच होते. मग मधल्या काळात खिंड कोण लढविते?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग १९५७ साली लंडन येथे हाती आला. तेथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान हे दोन शास्त्रज्ञ काम करीत होते. एका विषाणूची बाधा झालेल्या पेशींत दुसऱ्या विषाणूची वाढ पुष्कळदा खुंटते, याचे कारण त्यांना शोधावयाचे होते. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेने निष्प्रभ केलेले इन्फ्ल्युएन्झाचे विषाणू त्यांच्या संपर्कात आणले. नंतर ते तुकडे धुऊन स्वच्छ द्रवात ठेवले. काही काळाने तो द्रव ताज्या तुकड्यांवर घातला, तेव्हा काय आश्चर्य! त्या तुकड्यांवर जिवंत विषाणूंची वाढ होईना. पेशींनीच द्रवात काहीतरी सोडले होते, हे उघड झाले. विषाणूच्या कार्यात अडथळा आणणाऱ्या या प्रथिनास त्यांनी ‘इंटरफेरॉन’ असे नाव दिले.

इंटरफेरॉनची रीत मोठी विलक्षण आहे. ते स्वतः विषाणूस मारीत नाही. विषाणू आत शिरल्याची जाणीव होताच बाधित पेशी इंटरफेरॉन तयार करून बाहेर सोडते. ती स्वतः पुष्कळदा वाचत नाही. पण तिचा निरोप शेजारच्या पेशींना पोहोचतो आणि त्या सावध होऊन निरनिराळी संरक्षक प्रथिने तयार करू लागतात. त्यांपैकी काही प्रथिने विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे तुकडे करितात, तर काही पेशीतील प्रथिननिर्मितीच रोखून धरितात. चोर येत आहे असे कळताच कोठारास कुलूप घालावे, तसाच हा प्रकार होय. इन्फ्ल्युएन्झाच्या आरंभी ताप येतो, अंग दुखते. त्यातही इंटरफेरॉनचा वाटा असतो.

हा निरोप वाटेतच अडला तर काय होते, हे २०२० साली कोविडच्या साथीत दिसून आले. अत्यवस्थ झालेल्या ९८७ रोग्यांचे रक्त शास्त्रज्ञांनी तपासले. त्यांपैकी १०१ रोग्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे आढळली. उलट, ज्यांचा आजार सौम्य होता किंवा ज्यांना काहीच त्रास झाला नाही, अशा ६६३ जणांपैकी एकाच्याही रक्तात ती नव्हती.

स्वतः संकटात सापडलेली पेशी शेजाऱ्यांना सावध करिते, म्हणूनच शरीरास प्रतिपिंडे तयार करण्याइतका अवसर मिळतो. साध्या सर्दीतून आपण चार दिवसांत उठून कामाला लागतो, त्यामागे या मूक शेजारधर्माचाही हात असतो.