विश्लेषण : टेक्ससमध्ये घराची किंमत ठरवणाऱ्या यंत्रणेवर अंकुश कोणाचा?

अमेरिकेतील टेक्सस राज्यात वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही. त्यामुळे शाळा, काउंटी आणि शहरांच्या खर्चाचा मोठा भार मालमत्ता करावर पडतो. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन परिसरात घरे घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही घराच्या मूल्यांकनाची नोटीस येते. ही किंमत ठरवणाऱ्या ‘अप्रेझल डिस्ट्रिक्ट’चा कारभार एक संचालक मंडळ पाहते. मोठ्या काउंट्यांमध्ये 2024 पासून या मंडळावर मतदारांनी निवडून दिलेले सदस्यही आहेत.

अप्रेझल डिस्ट्रिक्ट म्हणजे काय?

मुंबईत मालमत्तेचे मूल्य ठरवणे आणि कर वसूल करणे ही दोन्ही कामे महापालिकाच करते. टेक्ससने 1979 च्या कायद्याने ही कामे वेगळी केली. अप्रेझल डिस्ट्रिक्ट 1 जानेवारीचा बाजारभाव धरून मालमत्तेचे मूल्य ठरवते. कराचा दर मात्र शाळा मंडळ, काउंटी, शहर अशा संस्था आपापला ठरवतात. डिस्ट्रिक्टचा खर्चही याच संस्था आपापल्या कराच्या प्रमाणात उचलतात.

मंडळावर कोण असते?

पूर्वी साधारणपणे पाच संचालक असत आणि त्यांची निवड कर आकारणाऱ्या संस्थाच करत. ज्या संस्थेचा कर जास्त, तिच्या मतांचे वजन जास्त. घरमालकाला थेट मत नव्हते. कर घेणाऱ्यांनीच मूल्य ठरवणाऱ्यांचे कारभारी नेमायचे, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता.

नोव्हेंबर 2023 मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. त्यानंतर 75 हजार किंवा अधिक लोकसंख्येच्या काउंट्यांमध्ये मंडळ नऊ जणांचे झाले : पाच नियुक्त, तीन थेट निवडून आलेले आणि काउंटीचा कर अधिकारी पदसिद्ध सदस्य. पहिली निवडणूक 4 मे 2024 रोजी झाली. या पहिल्या तीन सदस्यांची मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आहे. पुढील निवडणुका सम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये होतात. लहान काउंट्यांत नियुक्तीचीच पद्धत कायम आहे.

संचालक घराची किंमत कमी करू शकतात का?

नाही. मूल्यांकनाचे काम मुख्य मूल्यांकन अधिकाऱ्याचे. मंडळ या अधिकाऱ्याची नेमणूक करते आणि वार्षिक अर्थसंकल्प मंजूर करते. मूल्यांकनाच्या बाबतीत संचालकाने या अधिकाऱ्याशी खासगीत बोलणे हा कायद्याने गुन्हा आहे. अशी चर्चा साधारणपणे उघड्या बैठकीत किंवा सार्वजनिक व्यासपीठावर करता येते. त्यामुळे ‘मला निवडून द्या, घराची किंमत उतरवतो’ असे सांगणारा उमेदवार हातात नसलेल्या अधिकाराचे आश्वासन देत असतो.

मग निवडून आलेल्या तिघांचा उपयोग काय?

खरा अधिकार तक्रारींच्या सुनावणीशी जोडलेला आहे. मूल्य जास्त वाटल्यास घरमालक हरकत घेतो. घराबाबत त्याची मुदत सर्वसाधारणपणे 15 मे किंवा नोटीस पाठवल्यापासून 30 दिवस, यातील जी नंतरची असेल ती. तडजोड न झाल्यास सुनावणी नागरिकांच्या स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळापुढे होते. मोठ्या काउंट्यांत या मंडळाचे सदस्य संचालक मंडळ नेमते. त्यासाठी बहुमत लागते आणि त्या बहुमतात निवडून आलेल्या तिघांपैकी किमान दोघे असावेच लागतात. नऊपैकी तीनच जागा असल्या तरी या तिघांना डावलून नेमणुका होऊ शकत नाहीत.

घरमालकाने काय लक्षात ठेवावे?

नोटिशीतील आकडा पटला नाही तर मुदतीत हरकत घ्यावी; संचालकाला फोन करून आकडा बदलत नाही. करदराची तक्रार शाळा मंडळाकडे किंवा शहराकडे न्यावी. मतदानाचा हक्क असलेल्यांनी मतपत्रिकेत या तीन जागा शोधाव्यात. आपली हरकत ऐकणारे कोण असतील, हे तिथे दिलेल्या मतावरही ठरते.