लांबचा रस्ता (भाग ९) : आडवा वारा

मागच्या आठवड्यात मोठ्या टूरिंग मोटरसायकलवर सामान कसं लादावं ते पाहिलं. आज तीच लादलेली गाडी वाऱ्यात न्यायची आहे.

श्रीनगरहून येणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ तिरुनेलवेली सोडून कन्याकुमारीकडे निघतो, तेव्हा उजव्या हाताला पश्चिम घाटाची शेवटची रांग असते. आरल्वायमोळीच्या खिंडीपाशी ही भिंत तुटते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा त्या फटीत शिरतो, तिथे त्याचा वेग वाढतो आणि पलीकडच्या सपाट माळावर तो मोकळा सुटतो. मुप्पंदल, पणगुडी, कावलकिणरू या टापूत पवनचक्क्यांचं रान उगीच उगवलेलं नाही. पुण्या-मुंबईहून कन्याकुमारीला निघालेल्या रायडरला प्रवासाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, अंग थकलेलं असताना हा वारा गाठतो. म्हणून आजचा सगळा विचार याच रस्त्यावर करू.

आधी थोडा हिशेब. ताशी १०० किलोमीटरने जाताना बाजूने ताशी ५० किलोमीटरचा वारा आला, तर दोन्ही मिळून गाडीला ताशी ११२ किलोमीटरचा वारा तिरका लागतो. विंडस्क्रीन, पॅनियर आणि टॉप बॉक्स असलेल्या गाडीवर त्याचा बाजूचा रेटा ढोबळमानाने तीस-चाळीस किलोंचा होतो. गाडी, रायडर आणि सामान मिळून साडेतीनशे किलो धरले, तर तोल सांभाळायला वाऱ्याच्या दिशेने पाच-सहा अंशांचा कल पुरतो. म्हणजे वारा एकसारखा वाहत असेल तर गाडी किंचित कललेली ठेवून सरळ जाता येतं आणि थोड्या वेळात त्याची सवय होते. खरा धोका असतो वारा अचानक तुटतो किंवा अचानक सुरू होतो त्या जागी. वाऱ्यात गाडी चालवणं म्हणजे अशा जागा आधी ओळखणं, असं माझं ठाम मत आहे. ताकदीचा भाग त्यात फार थोडा.

त्या जागा बहुतेक वेळा ट्रकच तयार करतात. दक्षिणेकडे जाताना वारा उजवीकडून असतो. डिव्हायडरच्या पलीकडून एखादा कंटेनर येतो, क्षणभर तुमचा वारा अडवतो आणि निघून जातो. त्या क्षणात वारा नाहीसा होतो आणि पुन्हा आदळतो. कंटेनर समोरून येत असल्यामुळे हे सगळं फार लवकर घडतं. गाडी आधी उजवीकडे झुकू पाहते, लगेच डावीकडे फेकली जाते. इथे लेनच्या मधोमध राहावं, दोन्ही बाजूंना जागा हवी. याच दिशेने जाताना ट्रकला ओव्हरटेक करायचं असेल, तर वारा तुम्हाला ट्रककडेच ढकलत असतो हे धरून अंतर ठेवावं.

परतीचा प्रवास मला जास्त फसवा वाटतो. आता वारा डावीकडून आहे आणि ओव्हरटेक करताना ट्रक तुमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये येतो. तुम्ही डावीकडे कल धरून चाललेले असता. ट्रकच्या आडोशात शिरताच रेटा संपतो, पण हाताचा दाब तसाच राहतो. दाराला खांदा लावून रेटावं आणि कुणीतरी आतून कडी काढावी, तशी गाडी ट्रकच्या चाकांकडे सरकते. दाब सोडून ती सावरता सावरता केबिन मागे पडते आणि थांबलेला वारा एकदम अंगावर येऊन तुम्हाला उजवीकडे, डिव्हायडरच्या बाजूला लोटतो. त्यामुळे ट्रकच्या मागच्या टोकाशी पोहोचताच दाब सैल करायचा आणि केबिनच्या पुढे जाण्याआधी डावं हँडल पुढे ढकलायची तयारी ठेवायची. समोर मोकळा रस्ता लांबवर दिसत नसेल तर ओव्हरटेक करूच नये.

हँडल ढकलण्याचा मुद्दा नीट समजून घ्या. वारा ज्या बाजूचा, त्याच बाजूचं हँडल हलकेच पुढे ढकललं की गाडी त्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने, झुकते. हेच काउंटरस्टीअरिंग. घाबरलेला रायडर नेमकं उलट करतो. दोन्ही मुठी आवळतो, कोपर ताठ करतो. मग वारा त्याच्या छातीला आणि हेल्मेटला जे धक्के देतो, ते हातांतून थेट पुढच्या चाकात उतरतात. गाडी डुलते ती बऱ्याचदा त्यामुळे. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपर सैल सोडा, अंग थोडं खाली आणा. पिलियनलाही तुमच्यासोबत स्थिर बसायला सांगा.

‘गाडी जड आहे, तिला वारा काय करणार,’ असं पुष्कळ जण म्हणतात. होंडा गोल्डविंगसारख्या गाडीचं पावणेचारशे किलोंच्या आसपासचं वजन मदत करतंच, आणि तिचं सपाट सहा सिलिंडरचं इंजिन ते खाली ठेवतं. पण तिचा बाजूचा पसाराही तेवढाच मोठा आहे. शिवाय विंडस्क्रीन आणि फेअरिंग कशाला जोडलं आहे त्यावर बरंच ठरतं. फ्रेमला जोडलेलं असेल तर वारा पूर्ण गाडीला लागतो. पुढच्या फोर्कला जोडलेलं असेल, जसं हार्लेच्या इलेक्ट्रा ग्लाइडचं, तर तोच वारा स्टीअरिंगही ओढतो. टॉप बॉक्स सगळ्यांत त्रासदायक, कारण तो उंच आणि मागच्या चाकाच्याही मागे असतो. वाऱ्याच्या मोसमात तो घरी ठेवता आला तर ठेवा. नाहीतर जड वस्तू पॅनियरमध्ये खाली घ्या.

वेग कमी करावा का? होय, पण रांगत जाऊ नये. वरच्या उदाहरणात वेग ६० वर आणला तर गाडीला लागणारा वारा ७८ वर येतो आणि त्याचा दाब निम्म्याच्याही किंचित खाली जातो. बाजूचा रेटा मात्र साधारण एक तृतीयांशच घटतो, कारण वारा आता अधिक आडवा लागतो. फार हळू गेलात तर चाकांच्या फिरण्याने मिळणारी स्थिरताही जाते आणि मागच्या बसचा धोका वाढतो.

सराव करायला कन्याकुमारी गाठायची गरज नाही. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पावसाळ्यात पुरेसा वारा असतो. तिथे पवनचक्कीकडे बघायची सवय लावा: पात्यांचं तोंड जिकडे, वारा तिकडून. गवत, धूळ आणि पुढच्या दुचाकीस्वाराचा शर्टही हेच सांगतात.

एकाच लेनमध्ये राहणं जमत नसेल तर थांबायचं. थांबताना साइड स्टँड डावीकडे असतो हे लक्षात घेऊन गाडीची उजवी बाजू वाऱ्याकडे करा, म्हणजे वारा तिला स्टँडवरच दाबेल. डावीकडून लागला तर लादलेली गाडी उलटी पडू शकते. पहिला गिअर टाका, सेंटर स्टँड लावू नका.

पुढच्या आठवड्यात : ओल्या रस्त्यावरचा ब्रेक.