आच किती, वेळ किती?

गेल्या महाशिवरात्रीला वेरूळला आमच्या गटाच्या पणत्यांनी तेल पिऊन टाकलं, गिऱ्हाइकं रागावली. कमी आचेवर भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं उरतात. माठातलं पाणी त्यांच्यामुळेच गार होतं. दाताच्या चिनी मातीसारख्या टोपीला मात्र छिद्रं चालत नाहीत. आच वाढवली की छिद्रं बुजतात, पण मोठे कण लहानांना गिळतात आणि वस्तूला तडा लवकर जातो.

२००० साली चेन आणि वांग या शास्त्रज्ञांनी इट्रिया नावाच्या पुडीवर उपाय दाखवला. आधी आच चढवायची, मग लगेच उतरवून बराच वेळ तशीच ठेवायची. छिद्रं बुजतात, कण वाढत नाहीत. कण राहिले ६० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारपटीहून बारीक.

आपल्या भट्टीत हे जमणार नाही. म्हणून पणत्या घेताना आधी एकीत पाणी भरून तासभर ठेवा. बाहेरून ओली झाली, तर बाकीच्या घेऊ नका.