ओपिनेल : मालकानं पुरा करायचा चाकू

पोलादाचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ, एक खीळ आणि दोन कडी. ओपिनेलचा घडीचा चाकू सुटा करून टेबलावर मांडला तर एवढंच निघतं. स्प्रिंग नाही, मुठीच्या आत पोलादी पट्ट्या नाहीत. युरोपात दहा-पंधरा युरोंना मिळणाऱ्या या चाकूमागे हौशी मंडळी मात्र सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवतात. कोणी मूठ तासतं, कोणी पातं मुद्दाम काळं करतं, कोणी कंपनीनं बसवलेलं कडंच उपटून टाकतं. स्वस्तातल्या वस्तूवर एवढा जीव का, याचं निम्मं उत्तर तिच्या किमतीत आहे आणि निम्मं तिच्या एका जुन्या खोडीत.

फ्रान्सच्या सावोआ प्रांतात सें-जाँ-द-मोरिएनजवळच्या डोंगरात ओपिनेल घराण्याची भट्टी होती. तिथे शेतकऱ्यांसाठी कुऱ्हाडी, कोयते घडवले जात. यंत्रांचं वेड असलेल्या जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये, अठराव्या वर्षी, खिशात मावेल असा साधा चाकू बनवला. 1897 पर्यंत त्याचे 1 ते 12 असे नंबर ठरले. 1 आणि 11 पुढे बंद झाले. 1909 मध्ये मुकुटाखाली आशीर्वादाचा हात ही खूण आली. हात सें-जाँ-द-मोरिएनच्या चिन्हातला, मुकुट सावोआच्या ड्यूकांचा. पात्यावर ती आजही असते.

या चाकूचं सगळं काम घर्षणावर चालतं. मुठीत करवतीनं पाडलेल्या खाचेत पातं बसतं, आरपार खीळ जाते आणि दोन्ही बाजूंचं लाकूड पात्याला दाबून धरतं. त्या दाबानंच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. वरचं धातूचं कडं तोंडाशी लाकूड फाटू देत नाही. घसरणारं पातं बोटांवर मिटू नये म्हणून 1955 मध्ये जोसेफचा मुलगा मार्सेल यानं त्यावर फिरतं कडं बसवलं. तेच ‘विरोब्लोक’. 2 ते 5 नंबरचे छोटे चाकू मात्र आजही निव्वळ घर्षणावरच चालतात.

खोडी आहे ती लाकडाची. बीचचं लाकूड पाणी पितं. ओल लागली की ते फुगतं आणि पातं असं आवळतं की नखाच्या खाचेत नख घालून ओढलं तरी हलत नाही. सावोआतल्या लोकांची यावरची युक्ती ठरलेली आहे : मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं. झटक्यानं पातं किंचित बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं.

हौशी कारागीर याच दुखण्यापासून सुरुवात करतो. सर्क्लिप काढायच्या पक्कडीनं फिरतं कडं फाकवून सोडवलं की खिळीचं टोक दिसतं. खीळ ठोकून काढायची, पातं वेगळं करायचं आणि खाचेच्या आतल्या भिंतींवरून सपाट पट्टीला गुंडाळलेला पॉलिश पेपर फिरवायचा. घासायचं ते अगदी बेतानं. जास्त घासलं तर पातं लुळं पडतं आणि त्यावर इलाज अवघड.

मग मूठ. कारखान्याचं व्हार्निश घासून काढलं की खालचं कोरडं, फिकट लाकूड उघडं पडतं. त्याला आपल्या पंजाच्या मापानं कानशीनं आकार द्यायचा आणि आपल्याकडे चटणीमुळे ओळखीच्या असलेल्या जवसाचं तेल पाजायचं. हे तेल हवेतला प्राणवायू घेत आतल्या आत घट्ट होतं, त्यामुळे लाकडाची पाणी पिण्याची सवय बरीच कमी होते. सुकताना तेल तापतंही. म्हणून तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नये, ते आपोआप पेटू शकतं. उघडं पसरून वाळवावं.

पात्याचे पर्याय दोन. स्टेनलेस निवडलं तर गंजाची काळजी कमी. जुन्या पद्धतीच्या कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण गंजही चटकन लागतो. म्हणून मालक ते आधीच काळं करून ठेवतात. पातं तेलकटपणा जाईपर्यंत पुसून व्हिनेगरमध्ये किंवा कडक काळ्या चहात बुडवलं की त्यावर राखाडी-निळसर थर धरतो. कैरी चिरून विळीचं पातं काळवंडतं, तसलाच हा प्रकार. हा थर तांबडा गंज रोखायला मदत करतो, पण पुसून तेलाचा हात फिरवण्याची मेहनत काही चुकत नाही.

कडं काढून टाकण्यामागे कधीकधी कायदाही असतो. ब्रिटनमध्ये धार तीन इंचांपर्यंतची असेल आणि पातं लॉक होत नसेल, तर घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. फिरतं कडं असलं की ती सवलत गेली. ते काढलं की चाकू पुन्हा 1955 च्या आधीचा होतो आणि बोटं सांभाळायची जबाबदारी मालकावर येते.

यातली बहुतेक कामं बिघडली तरी निभावतात. मूठ वाकडी तासली तर आणखी तासता येते, डाग वाईट पडला तर घासून पुन्हा पाडता येतो. ग्राइंडरवर पातं निळं पडेपर्यंत तापवलं, तर मात्र पोलादाचं पाणी उतरतं आणि घरच्या साधनांनी ते परत चढत नाही. तेव्हाही नुकसान फार तर पंधरा युरोंचं. महागड्या चाकूला कानस लावायची छाती कोणाची होईल? ओपिनेलला लावायला ती लागत नाही, आणि म्हणूनच चाकू कसा बनतो हे कित्येक जण त्याच्यावर हात साफ करत शिकतात.