आपत्कालीन आरोग्य संशोधन आणि अनुदान-प्रस्ताव : मालवण किनारपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना : १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. कोविडची दुसरी लाट तेव्हा ओसरलेली नव्हती. घरे व होड्यांचे नुकसान झाले, वीजपुरवठा खंडित झाला. विजेअभावी मधुमेही मच्छीमाराचे इन्सुलिन सुरक्षित कसे राहावे, हा अशा वेळी संशोधनाचा विषय ठरतो. परंतु आपत्तीनंतर प्रस्ताव लिहावयास घेतल्यास मंजुरी मिळेपर्यंत परिस्थिती पालटलेली असते.

विवेचन : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत आपत्कालीन संशोधनावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार संशोधन आराखडा आपत्तीपूर्वीच तयार ठेवता येतो व नैतिकता समितीस त्याचे त्वरित परीक्षण करता येते. प्रस्तावात दोन बाबी स्पष्ट असाव्यात : हा प्रश्न सामान्य काळात का अभ्यासता येत नाही, आणि संशोधनात सहभाग नाकारणाऱ्या कुटुंबाची मदत थांबणार नाही याची हमी. परदेशी अनुदानासाठी संस्थेस २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी आवश्यक असते.

निष्कर्ष : किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी प्रस्तावाचा आराखडा, समितीची मान्यता व स्थानिक आरोग्य केंद्राशी समन्वय या गोष्टी वादळापूर्वीच सिद्ध ठेवणे हिताचे ठरेल.