भारतातील मृत्युकारण आकडेवारीतील प्रादेशिक तफावत

भारतातील मृत्युकारण आकडेवारी म्हणजे नोंद झालेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केले आहे, अशा मृत्यूंची कारणानुसार मोजदाद. भारताच्या महानिबंधकांचे कार्यालय ती अहवालरूपाने प्रसिद्ध करते. २०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे १८ लाख, म्हणजे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. राज्याराज्यांत हे प्रमाण कमालीचे भिन्न आहे. गोव्यात ते जवळजवळ शंभर टक्के असते, तर बिहार व झारखंड येथे दहा टक्क्यांच्या आत राहते.

कायदा व प्रमाणपत्र

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये मृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली. कारणाचे प्रमाणपत्र कोठे सक्तीचे करावे, हे मात्र उपलब्ध वैद्यकीय सोयी पाहून ठरवण्याची मुभा राज्यांना देण्यात आली. त्यामुळे कोणत्या रुग्णालयांना ही सक्ती लागू आहे, याचे उत्तर प्रत्येक राज्यात वेगळे मिळू लागले. गोव्यासारख्या लहान राज्याला आटोपशीर विस्तार, जवळची रुग्णालये आणि पोर्तुगीज राजवटीपासूनची नागरी नोंदणीची परंपरा यांचा लाभ झाला.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कारण कळले, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यानुसार डॉक्टरने मृत्यूचे तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि सर्वांच्या मुळाशी असलेला आजार अशी साखळी लिहावयाची असते. आकडेवारीत गणला जातो तो मुळाशी असलेला आजार. प्रत्यक्षात अनेक प्रमाणपत्रांवर केवळ ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले असते. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! क्षयरोग, मधुमेह वा विषबाधा यांपैकी काय घडले, हे अशा नोंदीतून समजत नाही.

आकड्यांचा अर्थ

२०२०च्या अहवालात रक्ताभिसरण संस्थेच्या विकारांचा वाटा ३२.१ टक्के दिला आहे. ‘भारतातील एकतृतीयांश मृत्यू हृदयविकाराने होतात’ असा त्याचा अर्थ अनेकदा लावला जातो. तो बरोबर नाही. हा वाटा केवळ प्रमाणित मृत्यूंमधला आहे, आणि असे मृत्यू मुख्यतः शहरांतले व रुग्णालयांतले असतात. मुंबईच्या रुग्णालयात दगावलेला वृद्ध या हिशेबात सहज येतो. झारखंडमधील पाड्यावर तापाने गेलेले मूल बहुधा येत नाही. म्हणून दोन राज्यांच्या टक्केवारीची तुलना करताना आजारातला फरक कोणता आणि नोंदीतला कोणता, हे आधी तपासणे आवश्यक ठरते.

हिवतापाचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. जागतिक आरोग्य संघटना भारतात हिवतापाने वर्षाला सुमारे १५,००० मृत्यू होतात, असा अंदाज देत असे. महानिबंधक कार्यालय आणि टोरांटो येथील प्रभात झा यांच्या नेतृत्वाखालील संशोधक यांनी मिळून केलेल्या दशलक्ष मृत्यू अभ्यासाने २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये सत्तर वर्षांखालील अशा मृत्यूंचा अंदाज सुमारे २,०५,००० मांडला. यांतले सुमारे ९० टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते, आणि ८६ टक्के कोणत्याही आरोग्य केंद्राबाहेर घडलेले होते. ओडिशा, छत्तीसगड व झारखंड येथे त्यांचे प्रमाण मोठे होते. याच अभ्यासाने सर्पदंशाचे २००५ मधील मृत्यू सुमारे ४६,००० असल्याचे दाखवले. रुग्णालयांच्या सरकारी आकड्यांच्या ते तीस पटींहून अधिक होते.

या अभ्यासाची पद्धत मौखिक शवचिकित्सेची होती. प्रशिक्षित कर्मचारी घरी जाऊन शेवटच्या आजाराची लक्षणे नातेवाइकांकडून टिपून घेतात आणि दोन डॉक्टर स्वतंत्रपणे ती वाचून कारण ठरवतात. हिची मर्यादा उघड आहे: अपघात, बुडणे, सर्पदंश यांची खूण घरच्यांना पक्की ठाऊक असते, पण एक ताप दुसऱ्या तापापासून वेगळा ओळखणे त्यांच्या सांगण्यावरून अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापाच्या नव्या अंदाजावर हाच आक्षेप घेतला होता.

२०२३ची दुरुस्ती

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सर्व वैद्यकीय संस्थांना मृत्युकारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य देणे बंधनकारक केले. त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावयाची आहे. संस्थेबाहेरील मृत्यूसाठी ही जबाबदारी अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरवर आहे. ज्याला डॉक्टर भेटलाच नाही, त्याच्या मृत्यूचे कारण कळण्यासाठी आजही नमुना नोंदणी पद्धतीतील मौखिक शवचिकित्सेवरच अवलंबून राहावे लागते, आणि तीही निवडक गावांत व शहरी विभागांतच होते.